नववी पायरी

"माणूस गप्प बसला तर आपण बोलायचं नाही, सरिताताई. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं. शब्द पुरवायचा नाही. तुमचा शब्द एकदा त्याच्या तोंडात गेला, की मोजलेलं सगळं वाया." संस्थेची तेजस्विनी काम शिकवताना हे सांगत होती तेव्हा तिच्या मागच्या भिंतीवर एक पाल होती, आणि मी त्या पालीकडे बघत वीसपर्यंत मोजून पाहिलं होतं. जपमाळेवर वीस मणी कधी सरकतात ते कळतही नाही. समोर गप्प माणूस असला की वीस फार लांब असतं. ही सिंहस्थाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कारखाने एकेक करून बंद पडत होते, माणसं घरी बसली होती, आणि संस्थेनं नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या वस्त्यांमधून पुरुषांचे गट सुरू केले होते. आठवड्यातून एकदा जमायचं, बिघडलेले पंखे, मिक्सर दुरुस्त करायचे, चहा प्यायचा, जमलं तर बोलायचं. सगळे त्याला कट्टा म्हणत. आणि कट्ट्यामुळे माणसाला बरं वाटतं का, वाटत असेल तर किती, हे मोजायला आम्ही पाच बायका नेमलेल्या. पुरुष पुरुषाला खरं सांगत नाही, बहिणीसारख्या बाईला सांगेल, असं तेजस्विनीचं म्हणणं. बावीस प्रश्नांचा कागद, आणि शेवटी प्लॅस्टिकमध्ये घातलेलं शिडीचं चित्र. शून्य ते दहा पायऱ्या. तळाला म्हणजे याहून वाईट जगणं नाही, माथ्याला म्हणजे याहून चांगलं नाही. आज तुम्ही कुठं उभे आहात, तिथं बोट ठेवा.

हे सगळं मला आज सकाळी चौकातल्या दत्ताच्या देवळाबाहेर आठवलं, म्हणजे आठवलं असं म्हणायला हवं, खरं तर ते पाठीत कुणीतरी कोपर मारावं तसं लागलं. मी तीर्थ घेऊन बाहेर आले होते. गुरुवारी मी तीर्थ डोळ्यांना लावते, ओठांना नाही. दिवा लागेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही हा माझा नेम, अकरा वर्षांचा. पायऱ्यांशी लताबाई फुलवालीच्या शेजारी पेरूंची गाडी उभी होती आणि गाडीमागे पुंजा. नासर्डी नदीपलीकडच्या वस्तीच्या कट्ट्यावरचा पुंजा, सगळ्यांची फिरकी घेणारा. "गेल्या पंधरवड्यात सकाळी उठावंसं वाटलं का?" या प्रश्नावर दर वेळी एकच उत्तर देणारा: "वाटत कुणाला नाय ताई, उठवत्यात."

"आज गुरुवार," तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला पेरू इकायची सोय नाय. लताबाई, या ताई म्हंजी आमच्या गिऱ्हाइकातल्या सगळ्यात बेकार."

"पेरू चालतो की उपासाला," लताबाई हार ओवता ओवता म्हणाली.

"अगं त्यांना पाणीबी चालत नाय. तू कुठं पेरूचं घेऊन बसलीस."

मी हसले. कट्ट्यावरचे लोक कसे आहेत विचारलं. "कट्टा कुठं राहिला? खोलीला कुलूप. क्यारम उंदरांनी खाल्ला," असं म्हणत तो पेरू पुसायला लागला आणि वाकला तसं त्याच्या शर्टाच्या खिशातून काहीतरी चकाकलं. लोखंडी, घोड्याच्या नालासारखं वाकलेलं, शेजारी बारीक आकड्यांची नळी. त्याच कट्ट्यावरच्या सहादूचं मायक्रोमीटर. तीस वर्षं लेथवर टर्नर म्हणून काम केलेल्या माणसाचं. कारखान्यातून त्यानं आणलेली एवढीच वस्तू. कट्ट्यावर तो त्यानं कशाचीही जाडी मोजत बसायचा, पापड, सुपारी, गड्यांचे केस. "पुंजाचा केस नऊ शतांश. अकलीपरीस जाड," असं म्हणून स्वतः न हसणारा. एकदा माझ्या प्रसादातलं तुळशीचं पान त्यानं मोजलं, आकडा मनाशीच म्हटला आणि पान खिशात ठेवून दिलं.

"हे सहादूचं ना?"

"व्हय. त्यानं दिलं. घे म्हणला, मला आता काय मोजायचं राहिलंय." पुंजा बोलला आणि एकदम थांबला. त्याचा हात पेरूवर तसाच राहिला. "जाऊ द्या. मी बी कुठं आज... उद्या सांगतो ताई. उद्या हितंच हाय मी."

"उद्या का?"

"आज तुमचा उपास न्हवं."

मी गप्प राहिले. वीसपर्यंत मोजायचं ठरवून नाही; माझ्या तोंडात कोरड होती आणि शब्द सुटेना. तेवढ्या वेळात पुंजा आपणहून हसला, माझी समजूत काढायला हसावं तसं. "आवो आमचा नियमच होता त्यो. सहादूनंच काढलेला. उपाशी बाईम्होरं रडायचं नाय. बाई दिवसभर पाण्याबिगर, देवाचं नाव घेऊन येती, अन् आपण तिच्या कानात वंगाळ ओतायचं? तिचा उपास बाटवायचा? म्हणून तुमी आल्या की समदे वरच्या पायरीवर. तुमी गेल्या की उतरायचे खाली." तो शिडी उतरल्यासारखा बोटं खाली खाली आणत होता. लताबाईसुद्धा हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सुईत दोरा ओवायला लागली.

दोन वर्षं. दर गुरुवारी त्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत मी सतरंजीवर बसायची, ग्रीस आणि जळक्या तारांचा वास असायचा, आणि एकेक माणूस समोर येऊन बसायचा. तळहात पुसायचा, आधी पँटला, मग पुन्हा. ताई, बरं आहे. ताई, देवाच्या दयेनं ठीक. आठ. नऊ. इतर वस्त्यांमधून, सोमवारी, बुधवारी, मी जायची तिथं चार, पाच, एखादा तीन. तिथं माणसं बोलायची, एकानं तर माझ्यासमोर डोकं गुडघ्यात घालून अर्धा तास काढला. नासर्डीपलीकडे मात्र कोणी गुडघ्यात डोकं घातलं नाही. एकदा पुंजा म्हणाला होता, "ही शिडी कुणाला कळती ताई? कागदावर गोदेतला दुतोंड्या मारुती काढा. पुराचं पाणी त्याच्या गुडघ्याला, का कमरेला, का गळ्याला, सांगतो लगीच. समद्या नाशकाला कळंल." सगळे हसले होते आणि सहादू कागदाकडे बघत म्हणाला होता, "मारुतीला काय. पाणी उतरेस्तोवर त्याला उभंच ऱ्हायचंय." मी ते बोलणं ऐकलं आणि आठ लिहिलं. मला वाटायचं... हे लिहिताना मान खाली जाते, पण मला वाटायचं की हे माझ्या गुरुवारचं पुण्य आहे. मी उपाशी येते, माझ्यासोबत दत्तमहाराज येतात, त्या खोलीत त्यांची सावली पडते, म्हणून या माणसांना बरं वाटतं. तेजस्विनीनं कार्यालयात आकडे वाचले, माझ्या त्या वस्तीची सरासरी साडेआठ. "ताई, यांना खायला काय घालता?" ती म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे आले. गुरुवार नव्हता, मी पेढा खाल्ला. मग तिनं हळूच सांगितलं, की हा कट्टा आता आपल्या पायावर उभा आहे, आता जिथं गरज आहे तिथं जाऊ. त्यात चूक काय होतं? दसऱ्यानंतर खोलीची किल्ली महापालिकेला परत गेली. मी घरी येऊन जास्तीची एक वात लावली, कृतज्ञतेची.

"पुंजा," मी म्हटलं, "आजच सांगा."

"ताई..."

"मी ऐकते आहे. सांगा."

त्यानं देवळाच्या कळसाकडे पाहिलं, माफी मागितल्यासारखं, आणि सांगितलं. सहादूनं महिन्यापूर्वी बायको-पोरं पेठकडे गावी धाडली, भात झोडायला मदत म्हणून. झोडणी होऊन गेली तरी बोलावून घेतलं नाही. हातोडी एकाला दिली, पान्यांचा संच एकाला. सायकल शेजाऱ्याच्या दारात नेऊन लावली. दार लावून बसतो. दाढी नाही, चूल नाही. "काल गेलो तर म्हणला, उद्या नको येऊस. परवा ये. कडी नसंल, ढकललंस की उघडंल." पुंजा हे सांगताना आवाज हलका ठेवायला बघत होता आणि तो हलका राहत नव्हता. "मी आपला विचार करत बसलो रात्रभर. कुणाला सांगू? म्हणलं तुमी गुरवारी देवळात येता. हितं आलो तर आठवलं, गुरवारी तर उपास." उद्या म्हणजे आज. पुंजानं ते तसं म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. "कसा दिसतो तो?" मी एवढंच विचारलं. पुंजानं गळ्याशी हात नेला, मग तो हात हनुवटीच्या वर, नाकापर्यंत नेला, आणि खाली सोडला.

मी त्याला म्हटलं, गाडी लताबाईकडे सोडा, रिक्षा करा, त्याच्या दारात जाऊन बसा, दार उघडं ठेवायला लावा आणि मी येईपर्यंत हलू नका. "बोलू काय त्याच्याशी?" "काही नको. तो गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. मनात मोजत राहा. वीस झाले की पुन्हा एकपासून." "अन् तुमी?" "मी घरून येते. लगेच." तो गेला. कोपऱ्यावरच्या बूथवरून मी तेजस्विनीला फोन लावला. माझा आवाज मुळातच लहान, तिला दोनदा विचारावं लागलं. मी म्हटलं, नासर्डीपलीकडचे सगळे आकडे खोटे आहेत, माझ्यामुळे, आणि सहादूचं असं असं आहे. ती गप्प झाली. मी मोजले; अकरा झाले. मग ती म्हणाली, "डॉक्टरांना घेऊन निघते मी. तास लागेल. तुम्ही पुढं व्हा. आणि ताई, त्याला काही सुचवू नका."

सुचवू नका. मी सुचवलं होतं. भाद्रपदातला शेवटचा गुरुवार, पितृपक्ष चालू, त्या दिवशी उकडत होतं आणि सकाळपासून माझं कपाळ ठणकत होतं. सहादू शेवटचा होता. एकवीस प्रश्न झाले, ठीक, ठीक, ठीक. मी शिडी पुढं केली. त्याचं बोट, उजव्या हाताची तर्जनी, नखाशी तेलाची काळी रेघ कायमची बसलेली, ते तिसऱ्या पायरीवर टेकलं. तिथं राहिलं. मी मोजायला लागले. बोट हललं नाही. तो बोटाकडे बघत होता, जणू ते दुसऱ्याचं आहे आणि काय करतंय ते बघू या. मी चौदापर्यंत आले. पंधरा म्हणायच्या आधी माझ्या मनात आलं, की सहा वाजत आले, घरी जाऊन हातपाय धुवायचेत, दिवा लावायचा, घोटभर पाणी. तेवढं एक पाणी माझ्या डोळ्यांपुढं चकाकलं. आणि मी म्हटलं, "नऊ ना, सहादू? गेल्या वेळेसारखं?" त्याचं बोट वर सरकलं. इतकं सहज सरकलं, की मला ते बरोबर वाटलं. "लिवा नऊ," तो म्हणाला. मी लिहिलं, पिशवी उचलली, चपला घातल्या. तो दारापर्यंत आला. "ताई, तुमी एकडाव जेवून या. मंग सांगतो." मी वळून हसले. मला वाटलं, बोलावतोय, रीत म्हणून. यांच्यात असंच म्हणत असतील. "येईन हं, नक्की येईन," मी म्हटलं. वचन दिलं मी. तीन महिने झाले. मी जेवून, न जेवून, कशीही गेले नाही.

आमची आई सांगायची, उपास धरलेल्या बाईच्या कानावर अभद्र घालू नये, तिचा दिवस बाटतो आणि घालणाऱ्याला पाप. ती हे चुलीपुढं बसून सांगायची, मला आणि दिनेशला. दिनेश माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा मामा गेल्याचं कार्ड आलं. कोपरा फाडलेलं कार्ड. पोस्टमन ते घरात देत नसे, बाहेरच द्यायचा, आणि अंगणात दिनेश होता. त्याला वाचता येत होतं. फाडलेल्या कोपऱ्याचा अर्थही येत होता. आत आईची एकादशी होती. त्यानं ते कार्ड शर्टाच्या आत, पोटाशी घातलं, आणि दिवसभर अंगणात राहिला. जेवायला आत आला नाही, पोटात दुखतंय म्हणाला, आणि त्यात खोटं असं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईनं पारणं केलं, तिचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत तो उंबऱ्यात उभा राहिला आणि मग त्यानं कार्ड तिच्या ताटाशेजारी ठेवलं. घामानं त्यातली शाई पसरली होती. आई त्याला पोटाशी धरून रडली, भावासाठी, आणि मग सगळ्या आळीत सांगत सुटली, माझं लेकरू बघा किती शहाणं. मीही सांगितलं पुष्कळ वर्षं. कार्ड पोटाशी धरून एक रात्र त्यानं कशी काढली असेल, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

आणि त्र्याण्णव सालचा तो गुरुवार. दुपारचे तीन. मी वाती वळत बसले होते. दिनेश दारात आला, हातात जेवणाचा डबा. या वेळी तू कसा, असं मी विचारलं का? विचारलं असेल. तो खुर्चीवर न बसता माझ्यासमोर खाली बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि माझ्या ताम्हनातल्या वाती एकेक करून सरळ लावू लागला. बराच वेळ. मग म्हणाला, "ताई, आज गुरुवार ना?" मी म्हटलं, "हो. का रे?" "काही नाही. पुन्हा येतो." "ये की. जेवायलाच ये," मी म्हटलं. तो उठला. डबा विसरला. त्याची नोकरी जाऊन तीन महिने झाले होते, रोज डबा घेऊन तो कुठंतरी दिवस काढत होता, हे आम्हाला नंतर कळलं. नाशिकरोड स्टेशनवर त्याला कोणीतरी पाहिलं, हातात काही नव्हतं. त्यापुढं काही नाही. त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर मी त्याचा डबा उघडला. पोळी-भाजी जशीच्या तशी. अन्न टाकू नये म्हणून मी त्याच डब्यावर उपास सोडला. त्याचं जेवण मी जेवले. अकरा वर्षं मी लोकांना सांगत आले की माझा भाऊ मोठा देवभोळा, जातानासुद्धा विचारून गेला, आज गुरुवार ना. अकरा वर्षं. आणि आज पेरूच्या गाडीपुढं पुंजानं बोटं शिडीवरून खाली आणली आणि मला दिनेश दिसला, कार्ड शर्टाच्या आत, पोटाशी.

दिनेश गेल्याच्या पुढच्या गुरुवारपासून मी उपासाला पाणीही सोडलं. नवस असा मोठा काही बोलले नाही, एक हिशेब मनात धरला, वेडा असेल. मी उपाशी राहिले की तो घास त्याला मिळतो. कुठल्याशा गावात, कुठल्याशा देवळाच्या पंगतीत, कोणीतरी त्याच्या पानात वाढतं. मी गुरुवारी कधी भुकेनं व्याकूळ झाले तर मला समाधान वाटायचं, आज त्याचं पोट भरलं. तापात, प्रवासात, सासूबाई गेल्या त्या दिवशीही मी उपास मोडला नाही. मोडला तर मी त्याच्या ताटातून उचललं. मोडला तर तो कुठं असेल तिथं... याच्यापुढं मी कधी जात नसे. आज देवळापासून घरापर्यंतच्या दोन गल्ल्या मी त्या जागेवरून पुढं गेले. म्हणजे पाय चालत होते आणि मन एकेक दार ढकलत होतं. खोटं सांगता येईल. सहादू, जेवून आले, असं म्हणायचं. तो माणूस शतांश ओळखतो. पांढरे ओठ, ताणलेला आवाज, दोन वर्षं तो माझा उपास बघत आलाय. तो हसेल आणि नववी पायरी दाखवेल. नुसतं पाणी पिऊन जावं? पाण्यानं उपास मोडतो पण जेवण होत नाही. जेवून या, असं तो म्हणाला होता. दिनेशलाही मी तेच म्हटलं होतं, जेवायलाच ये. एक माणूस माझ्या दारात येऊन परत गेला तो मी उपाशी होते म्हणून. मग माझ्या उपासानं अकरा वर्षं त्याच्या पानात काय वाढलं? मी घराच्या पायरीवर थांबले. महाराज, मी म्हटलं, आणि पुढचं सुचेना. कोणीतरी माझ्यासमोर गप्प बसलं होतं. मी मोजलं. वीस झाले. वीसच्या पुढंही कोणी शब्द पुरवला नाही.

यांची दुपारपाळी असते, हे जेवत होते. साडेदहा. मी पाट घेतला, ताट घेतलं, ताटात भाकरी घेतली, मेथीची भाजी, आणि वाटीतली लसणाची चटणी, जिला मी गुरुवारी हात लावत नाही, यांच्यासाठी करते तीसुद्धा चव न बघता. हे बघत राहिले. "आज गुरुवार आहे," हे म्हणाले, हळू, एखादीला झोपेत चालताना बघून म्हणावं तसं. "हो," मी म्हटलं. यांनी तेलाची वाटी उचलून माझ्या ताटाकडे सरकवली. मी पहिला घास तोडला. हात अगदी शांत होता, माझा नसल्यासारखा. घास तोंडात गेला आणि कोरड्या तोंडात तो ओला होईना, मातीसारखा फिरत राहिला, चटणी झोंबली, डोळ्यांत पाणी आलं. दिनेशच्या डब्यातल्या पोळीची चव मला लख्ख आठवली, थंड, तेलात तिखट मुरलेलं. त्याच्या ताटातून उचलते आहे. उचलते आहे, दिनेश. मी गिळलं. दुसरा घास घेतला. काही झालं नाही, छप्पर आलं नाही खाली, सकाळच्या पूजेच्या समईतली ज्योत तशीच होती, आणि काही झालं नाही याचंच मला भय वाटलं, अकरा वर्षांइतकं. पुंजा दारात बसलाय. एक, दोन, तीन. दार उघडं असेल ना? मी भराभर जेवायला लागले, नेम म्हणून घास मोजते ते न मोजता, अख्खी भाकरी, आणि वर तांब्याभर पाणी, घटाघटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत.

हे दाराशी आले. "कुठं?" "नासर्डीपलीकडे. एकाला जेवून येईन म्हटलं होतं." "सोबत येऊ?" "तुम्ही आलात तर तो बोलणार नाही." शिडीचं चित्र दाराजवळच्या पिशवीत होतं, मी पिशवी तिथंच राहू दिली. हात धुतले ते नुसते पाण्यानं, साबण लावला नाही. बोटांना लसणाचा वास तसाच होता, तोंडालाही. तो राहू दिला. मी जेवून आलेय हे दारातच त्याला कळायला हवं होतं. मी चपला घातल्या, पदर खोचला आणि रिक्षासाठी रस्त्याकडे निघाले.